अडीचशे रुपयांत

मितेशचा फोन ट्रेलरच्या केबिनमधून खाली पडला तेव्हा मला वाईट वाटलं. दुरुस्त होऊन घरी आला तेव्हा त्याहून जास्त वाईट वाटलं.

सकाळी तो गाडीवर गेला तेव्हा फोनवर नुसतं तड्यांचं जाळं होतं. कितीही बोट फिरवलं तरी काही हलत नव्हतं. "डिस्प्ले गेला," तो म्हणाला. माझा भाऊ विपुल, त्याच्या फोनचा डिस्प्ले पनवेलला बदलला तेव्हा अडतीसशे रुपये गेले होते. आमचेही तेवढे जाणार असं मी धरूनच चालले होते. महिन्याच्या खर्चात कुठे हात आखडायचा तेही मनात ठरवलं होतं.

संध्याकाळी नवरा शीळ घालत आला. फोन चकाचक, नव्यासारखा.

"किती घेतले?" मी विचारलं.

"अडीचशे."

"अडीच हजार?"

"अडीचशे गं. दोनशे पन्नास."

"कोणी केला?"

तो बूट काढायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "चारफाट्याजवळ. भाविकानं."

आता ही भाविका कोण, तर माझ्याआधी मितेशसाठी बघितलेली मुलगी. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पोहे खाऊन झाले होते, दोन्हीकडून होकार होता म्हणतात. मग तिच्या बापाने पाय मागे घेतला. मितेश तेव्हा दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता आणि त्यांना दुकानवाला जावई मिळत होता. हे मला कधी कळलं? माझ्या हळदीला. अंगभर हळद फासलेली, ओठ उघडले तर तोंडात जाईल अशी अवस्था, आणि नेमकी तेव्हा भावकीतली मनुबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं झालं गो, भाविकाच्या बापानं न्हाय म्हटलं. म्हनून तर तुझा नंबर लागला." मला उत्तरसुद्धा देता आलं नाही. ते उत्तर चार वर्षं माझ्या पोटात तसंच आहे.

लग्नानंतर भाविका नवऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात काम शिकली. आता नवरा रिचार्ज मारतो, कव्हरं विकतो आणि फोन उघडायचं काम ती करते. हे सगळं मला माहीत होतं, कारण अशा बाईची माहिती ठेवावी लागते.

रात्री जेवताना मितेशने तो आकडा आईला पुन्हा सांगितला. "अडीचशेत करून दिला, आई. बाकी लोकांचे चार-चार हजार जातात. ओळख असली की असं होतं."

"पोरीचा जीव मोठा हाय," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यापासनंच."

पहिल्यापासनं! मी कालवण वाढत होते. वाटी त्याच्या ताटात जरा जोरातच ठेवली, रस्सा सांडला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग मी त्या पोरीचा जीव मोजायला बसले. अडतीसशेतून अडीचशे वजा केले, साडेपस्तीसशे उरले. एवढे पैसे कोण कोणाला उगाच सोडतं? माझ्या सख्ख्या मावशीने मला ब्लाउजची शिलाई कधी सोडली नाही. आणि ही बाई परक्या बाईच्या नवऱ्याला साडेपस्तीसशे सोडते? म्हणजे तो परका नसणार. मितेशचंही बघा, आधी फोन कुठेही टाकणारा माणूस, आता दिवसातून दहा वेळा शर्टाला पुसायला लागला. मी बघत होते आणि जळत होते, सरळच सांगते.

पण नुसतं जळून काय होतं? भांडायचं तर हातात काहीतरी हवं. बुधवारी बाजाराच्या निमित्ताने मी उरणात गेले आणि दोन-तीन दुकानांत चौकशी केली. आम्हा दोघांचे फोन एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, दसऱ्याला जोडीने घेतलेले. त्यामुळे माझाच फोन पुढे करायचा आणि विचारायचं, "याचा डिस्प्ले फुटला तर किती घ्याल?"

पहिला म्हणाला, चौतीसशे. ओरिजनल हवा तर. कॉपी बावीसशेत बसेल, पण रंग फिका येतो आणि उन्हात काही दिसत नाही. दुसऱ्याने कंपनीच्या सेंटरला जायला सांगितलं, तिथे बेचाळीसशे. "एवढे कशाला? काचच तर असते," मी म्हटलं. त्यावर त्याने एक फुटका फोन उघडून दाखवला. वरची काच, बोट ओळखणारा टच आणि खालचा चित्र दाखवणारा भाग, तिन्ही एकमेकांना चिकटवलेले. त्यातलं एक गेलं तरी तिन्ही बदलायचे. मग फ्रेम साफ करायची, गम लावायचा, तास-दोन तास दाबून ठेवायचं. मजुरी पाचशे.

"अडीचशेत कोणी करून देईल का?" मी विचारलं.

तो हसला. "ताई, अडीचशेत मी पन फुटीन."

मला पाहिजे होतं ते मिळालं. घरी येताना रिक्षात बसून मी मितेशला काय काय बोलायचं ते जुळवत होते. पण मग वाटलं, तो म्हणेल, तिचा भावच तेवढा असेल. तिचा दुसऱ्यांसाठीचा भाव काय आहे ते मला कुठे ठाऊक होतं? ते कळायला तिच्याकडे फुटका फोन न्यायला हवा. खराखुरा फुटलेला. चौकशीला गेलं तर काहीही सांगेल ती.

मागच्या दारी मासळी साफ करायचा दगड आहे. शुक्रवारी सासूबाई शेजारी गेल्या तशी मी तिथे उभी राहिले आणि फोन हातातून सोडला. काही झालं नाही. पुन्हा सोडला, जरा उंचावरून. कोपऱ्याला टवका उडाला, बाकी जसाच्या तसा. तिसऱ्या वेळी मात्र मी सोडला नाही, मारला. भाविकाचं नाव घेऊन मारला. आतून करकर आवाज आला आणि अर्ध्या स्क्रीनवर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला. मला खूप बरं वाटलं.

"पडला," मी सासूबाईंना सांगितलं.

"मंग मितेशनं केला तिथंच ने," त्या म्हणाल्या. मला तेच तर ऐकायचं होतं.

शनिवारी मसाल्याच्या डब्यातले पैसे घेतले. उन्हाळ्यात मी आगरी मसाला करून विकते, ते माझे पैसे. ओढणी डोक्यावरून घेतली आणि चारफाट्याला उतरले. दुकान लहानच. पुढच्या काउंटरवर तिचा नवरा वडापाव खात बसला होता. मागे टेबलावर दिवा लावून भाविका. मी तिला फोटोतच बघितलं होतं. फोटोपेक्षा बरी होती दिसायला, ते मला आवडलं नाही. केस वर बांधलेले, कपाळावर घाम आणि बोटांना गम.

"नाव?" तिने विचारलं.

"प्राप्ती," मी म्हटलं. जे नाव तोंडात आलं ते.

तिने फोन उजेडात फिरवला. "डिस्प्ले गेला पूर्ण. छत्तीसशे होतील, ताई. ओरिजनल टाकते. कॉपी टाकत नाही मी, मग लोक शिव्या देतात."

छत्तीसशे! प्राप्तीला छत्तीसशे आणि मितेशला अडीचशे. तिथल्या तिथे तिच्या झिंज्या धरणार होते, पण फोन तिच्या हातात उघडलेला होता. म्हटलं, आधी होऊ दे.

दीड-दोन तास मी त्या बाकावर बसले. तिचं काम बघत राहिले, दुसरं करणार काय? शेवटी तिने बटण दाबलं, फोन सुरू झाला आणि तेवढ्यात वाजला. नव्याकोऱ्या स्क्रीनवर मितेशचा फोटो, भला मोठा, आमच्या लग्नातला, मुंडावळ्यांसकट. पोर्टाच्या गेटवर गाडी रांगेत लागली की त्याला माझी आठवण येते.

भाविकाने फोटो बघितला, मग मला बघितलं. ओढणीचा काही उपयोग झाला नाही.

"अय्या, ट्रेलरवाल्या मितेशची मिसेस का तुम्ही? वहिनी, आधी नाही का सांगायचं? वरचे शंभर तरी कमी केले असते."

शंभर?

"त्यांचे अडीचशे घेतलेत," मी म्हटलं. आवाज चढलाच. "माझे छत्तीसशे. त्यांना बरे साडेतेहतीसशे सोडलेत!"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"अहो, त्यांचा डिस्प्ले कुठे फुटला होता? वर आपण ती जादाची काच लावतो ना, गार्ड, ती फुटली होती नुसती. तिच्यामुळे टच चालत नव्हता. दोनशेचा नवा गार्ड टाकला, चार्जिंगच्या पिनमध्ये सिमेंटची धूळ होती, तिचे पन्नास. मी सांगत होते त्यांना, पण त्यांचा ट्रेलर रस्त्यात आडवा, मागून सगळे हॉर्न मारत होते. अर्धवटच ऐकून पळाले." तिने माझा फोन पुसला. "तुमच्या फोनला गार्डच नव्हता."

नव्हताच. पहिल्याच महिन्यात निघाला होता. दोनशे रुपये वाचवायचे म्हणून मी परत लावला नव्हता.

तिच्या तोंडाकडे मी निरखून बघत होते. लाज, लपवाछपवी, जुनं काही, कशाचा तरी मागमूस लागेल म्हणून. काही नव्हतं. ट्रेलरवाला मितेश, संपलं. पोहे खायला आलेला मुलगा तिला आठवत होता की नाही कोण जाणे, आणि वर मला वहिनी म्हणून मोकळी झाली. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग रागच आला. माझा नवरा काय इतका साधा आहे, की एखादीने त्याला बघावं आणि विसरून जावं?

"शंभर कमी द्या," ती म्हणाली.

"नको. पूर्ण घ्या." तिच्या उपकाराचा एक रुपया मला घरात न्यायचा नव्हता. मी छत्तीसशे मोजून दिले.

घरी येईपर्यंत माझा सगळा जोर गेला होता. मसाल्याचा डबा रिकामा झाला होता, पण मन निवळलं होतं. मितेशचं काही नव्हतं, तिचं काही नव्हतं. गार्ड फुटला होता. मी त्याला हसत हसत सगळं सांगणार होते, दगडाचं सोडून.

मितेश अंधार पडायच्या आत आला. भाकऱ्या होत होत्या. त्याने माझा फोन उचलून बघितला.

"मस्त केलाय. कोणी?"

"भाविकानं."

"अच्छा?" तो पाटावर बसला. सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, "किती घेतले?"

आणि मी त्याचं तोंड बघितलं. ओठ दाबून हसू अडवत होता. वाट बघत होता. मी छत्तीसशे म्हणावं याची वाट बघत होता. मी आकडा सांगितला की तो आपला अडीचशे मनातल्या मनात त्याच्या शेजारी ठेवून बघणार होता आणि रोज शर्टाला पुसणार होता. फोन नव्हता पुसत तो, अडीचशे रुपये पुसत होता. म्हणजे मी वेडी नव्हते. दुकानात काही नव्हतं, पण माझ्या स्वयंपाकघरात होतं.

"अडीचशे," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. लपवायला त्याला जरा वेळ लागला, तेवढ्यात मी बघून घेतलं.

"तुला पन?"

"हो."

"माझी ओळख सांगितली असशील ना तू."

"नाही. मी प्राप्ती नाव सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं मी कोणाची कोण."

त्याने ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "मंजे सगळ्यांनाच तेवढे घेते."

"सगळ्यांनाच," मी म्हटलं आणि तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली. पहिली अजून तशीच होती.