धूर नव्हताच

चार दिवस कॉलेजला का आले नाही विचारताय ना, तर बसा, सांगते. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मी रडेन आणि सगळं तसंच राहील.

आमचं इस्त्रीचं काम तुम्हाला माहितीये. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत आम्ही. सोमवारी सकाळपासून लाइट गेलेली आणि दवाखान्याचे साठ पांढरे कोट चारच्या आत द्यायचे होते. मग आत्यानं माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली. म्हणते कशी, "तुमच्या विजेच्या इस्त्र्या म्हणजे नखरेल सुना. ही बघा, कधी रुसत नाही."

आई म्हणाली, "हो, फक्त नणंदेसारखी पटकन तापते."

म्हणजे सकाळी सगळं असं हसतखेळत चाललेलं.

आता कोळशाचं आमच्याकडे एक शास्त्र आहे. शेगडी बाहेर पेटवायची, धूर पुरता जाऊ द्यायचा, निखारे लालबुंद झाले की मगच आत आणायचे. का, तर धुरानं पांढरा कपडा पिवळट पडतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आत्या पंचवीस वर्षं मानत आलीये. एरवी दारंखिडक्या उघडी असतात म्हणून निभावलं. पण त्या दिवशी समोरचा रस्ता खोदलेला, त्यात वारा सुटलेला, मातीचे नुसते लोट. कोटांवर धूळ बसू नये म्हणून बाबांनी खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, आणि आत पेटलेली शेगडी.

मी कॉलेजातून दीडला घरी पोचले. दार उघडलं तोच आत्या ओरडली, "लाव आधी, धूळ येतीय."

लावलं. आत ऊब होती, धूर अजिबात नाही. बाबा गाठोड्याला टेकून झोपलेले. दिवसा कधी आडवे होत नाहीत ते, पण म्हटलं दमले असतील. ठमी, माझी धाकटी बहीण, टेबलाखाली झोपलेली. आई डोकं धरून बसलेली. म्हणाली, "सकाळपासून ठणकतंय गं, जेवले नाही म्हणून असेल." मी घड्या घालायला बसले. दहा-बारा कोट झाले असतील, माझंही डोकं जड झालं, मळमळायला लागलं. म्हणून तोंड धुवायला बाहेरच्या नळावर गेले. आणि बाहेर दोनच मिनिटांत एकदम बरं वाटलं. आत आले, परत तेच.

तेवढ्यात जळकट वास आला. बघते तर आत्याची इस्त्री एका कोटावर तशीच टेकलेली, खाली तपकिरी डाग पसरतोय, आणि आत्या त्याच्याकडे बघत उभी. नुसती बघत. माझी आत्या, जिला दुसऱ्याच्या इस्त्रीत एक चुणी दिसली तरी रात्रीचं जेवण जात नाही.

मी टेबलाखाली वाकून ठमीला हलवलं. तिची मान अशी कलंडली. हाक मारली, उठेना. चिमटा काढला, तरी उठेना.

"आत्या, बाहेर चल. या खोलीतच काहीतरी आहे."

"काय आहे?" तिची जीभ जड झालेली. "धूर आहे का कुठं?"

मी दार सताड उघडलं. धूळ भसकन आत आली, आणि आत्या, पाय लटपटत असताना, दार लावायला धावली हो. "कोट," म्हणाली. "कोट खराब होतील." मी तिला ढकललं. माझ्या आत्याला मी ढकललं, ती उंबऱ्याबाहेर पडली. बरं झालं पडली ते.

ठमीला उचलून बाहेर आणलं. आई माझा पदर, म्हणजे ओढणी धरून रांगत आली. पण बाबा मला हलेनात. काखेत हात घालून ओढलं, माझेच गुडघे वाकले. तेव्हा मला वाटलं, झालं, मी पण इथंच झोपणार. कशीबशी दारात येऊन किंचाळले. समोरचा सुतार रंधा टाकून धावला. त्यानं श्वास रोखून बाबांना ओढत आणलं, आणि मग शेगडीही चिमट्यानं धरून बाहेर भिरकावली.

दवाखान्यात सगळ्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धूर होता?"

आत्या मास्कमधूनच म्हणाली, "नव्हताच. म्हणून तर आत आणली."

"धूर नसला तरी निखाऱ्यातून विषारी वायू निघतो," बाई म्हणाल्या. "त्याला ना रंग ना वास. खोली बंद असली की साचतो, माणसाला कळतही नाही. कोळसा घराच्या आत आणायचाच नाही, लाल असो नाहीतर काळा."

ठमी संध्याकाळी उठली, बिस्किट मागितलं. आई, आत्या ठीक आहेत. आत्यानं ती इस्त्री भंगारात दिली, स्वतः.

पण बाबा. काल घरी आले, बोलतात, जेवतात. आज सकाळी मी त्यांच्यासमोर घडी घालायला एक कोट ठेवला. त्यांनी बाह्या मागे घेतल्या, कॉलरपाशी आले, आणि थांबले. हात तसेच कोटावर. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पुढं काय असतं गं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, काहीकाहींना वेळ लागतो, येईल हळूहळू. मी परत पहिल्यापासून दाखवलं. कॉलरपाशी परत थांबले.

येईल ना रे त्यांना?