ओल्या रंगातला सहा

रंगवाली शिडीवरून उतरली ती थेट सासूबाईंच्या खुर्चीपाशी आली. "आई, आकडे लटकवून झाले. शून्य-शून्य."

"सामना सुरू व्हायच्या आधी शून्य-शून्यच असतं गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यात तू काय मोठे दिवे लावलेस?"

रंगवालीचा मूळ धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. बावीस वर्षांपूर्वी क्लबाने तिला मैदानातल्या गोलफलकाचे पत्रे रंगवायला बोलावलं होतं. काळ्या पत्र्यावर पांढरे इंग्रजी आकडे, शून्य ते नऊ, दोन संच. रंग वाळेपर्यंत फलक सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले. शिडी कोण चढणार म्हणून हिला विचारलं, आणि ही जी चढली ती आजतागायत. मैदानाच्या एका टोकाला लाकडी मचाण, त्यावर दोन मोठे खिळे, गोल झाला की जुना पत्रा काढायचा आणि नवा अडकवायचा. बाकीच्या मैदानांवर दिवे लागलेले फलक आले, पण इथल्या क्लबाचं तेवढं बळ नव्हतं. खेळाडूही आठवडाभर आपापली कामं करून शनिवारी खेळणारे. गोलकीपर शाळेत गणित शिकवायचा, उजवीकडून पळणारा पोस्टमन होता, आणि कोच दातांचे डॉक्टर.

पण या घरातला फुटबॉल रंगवालीने आणलेला नव्हता, तो सासूबाईंचा. पन्नासेक वर्षांत त्यांनी घरच्या मैदानावरचा सामना फक्त दोनदा चुकवला होता, एकदा बाळंतपणात आणि एकदा सख्ख्या बहिणीच्या लग्नात. त्यातलं लग्नाचं त्यांना अजून वाईट वाटायचं. सून लग्न होऊन आली त्याच आठवड्यात त्यांनी ओट्यावर कपबशा मांडून तिला ऑफसाइड शिकवला. साखरेचा डबा गोलकीपर होता. नवरा बेकरीवाला. चेंडू म्हणजे मैद्याचा गोळा, यापलीकडे त्याची समज गेली नाही. "माझ्या पोटी असा कसा जन्मला, देव जाणे," असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या आणि तो बिचारा हसून पाव मोजत राहायचा.

यंदा मात्र सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. महिनाअखेरीला ऑपरेशन ठरलं होतं. मैदान त्यांना हिरवं दिसायचं, माणसं ठिपक्यांसारखी, आणि फलकावरचे आकडे म्हणजे नुसता धूर. म्हणून शिडीच्या पायथ्याशी त्यांची खुर्ची ठेवायची आणि मचाणावरून सुनेने ओरडून सामना सांगायचा, अशी व्यवस्था होती.

आणि सामनाही साधासुधा नव्हता. बारा संघांपैकी शेवटचे दोन खालच्या गटात जाणार. आपला संघ अकरावा. तीन सामने उरलेले, त्यातला घरचा हा शेवटचा, आणि समोर उभा होता नेमका दहावा संघ, आपल्याहून दोनच गुणांनी वर. जिंकलं तर तीन गुण मिळून आपण वर आणि ते खाली. पण पाच महिने घरच्या मैदानावर एकही सामना जिंकलेला नव्हता, त्याचं काय?

सहाव्या मिनिटालाच गोलकीपर गुरुजींचा पाय घसरला आणि चेंडू त्यांच्या काखेखालून आत गेला.

"काय झालं? काय झालं?" खालून आवाज आला.

"खाल्ला, आई. शून्य-एक."

"अरे मास्तर!" सासूबाई मैदानाच्या दिशेने कडाडल्या. "पोरांना वजाबाकी शिकवता ती इथे कशाला?"

आजूबाजूचे लोक हसले, पण जेमतेमच. पुढची वीस मिनिटं आपले खेळाडू चेंडू पायात आला की चटका बसल्यासारखा दुसऱ्याकडे ढकलत होते. त्यातही सगळ्यांत हवालदिल झाला होता लंबू. लंबू हा मधला फॉरवर्ड. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. सव्वासहा फूट उंची आणि मन मात्र हळवं. गेल्या अकरा सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. "लोकांच्या लिफ्ट वर चढवतो," सासूबाई म्हणायच्या, "आणि आपल्याला तळमजल्यावर आणून सोडलंय."

मग पोस्टमनने उजवीकडून कॉर्नर मारला. गोलासमोर एकच झुंबड उडाली. कुणीतरी चेंडू लाथाडला तो लंबूच्या पाठीवर आपटला. लंबूचं तोंड तेव्हा भलतीकडेच होतं. तो पाठ चोळत वळतो तो काय, चेंडू जाळ्यात!

रंगवाली मचाणावर अशी उडी मारून उठली की फळ्या करकरल्या. "गोल! आई, गोल! लंबूने मारला!"

"डोक्याने?"

"पाठीने!"

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या डोक्यापेक्षा ती बरी."

त्या एका गोलाने लंबूच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. अडकलेली लिफ्ट मोकळी झाल्यासारखा तो धावायला लागला. हाफटाइमच्या आधी त्याने दोघांना अंगावर घेऊन चेंडू पोस्टमनला सरकवला आणि पोस्टमनने तो सरळ पत्त्यावर पोचवला. दोन-एक. हाफटाइमनंतर पाचच मिनिटांत बसचालक कप्तानाने लांबून फटका हाणला. तीन-एक. तीनचा पत्रा संचातून काढताना रंगवालीला त्यावरची धूळ फुंकरावी लागली. लगेच लंबूने, या वेळी रीतसर पायाने, चौथा मारला. चारचा पत्रा इतका गंजला होता की तो खिळ्यावर बसेना. तिने चपलेनेच ठोकून बसवला.

चार-एक झालं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण पाचचा पत्रा कितीतरी वर्षांत पाहिलेला नाही. तिने एक संच धुंडाळला, दुसरा धुंडाळला. पाच कुठेच नाही. तिने मचाणावरून वाकून मैदानाच्या माळीकाकांना हाक मारली.

"काका, पाच कुठे आहे?"

"कसला पाच?"

"आकडा हो, आकडा! दोन्ही पाच गायब आहेत."

माळीकाका डोकं खाजवायला लागले. "एक गेला असेल भंगारात. आणि एक... अगं, चुन्याच्या पिंपावर झाकण म्हणून घातलाय. चार वर्षं झाली. पण पाच कशाला लागतोय आपल्या—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळं मैदान पुन्हा पेटलं. समोरच्या संघाचा बचावपटू लंबूला बघून इतका गांगरला की त्याने चेंडू आपल्याच गोलात मारला.

माळीकाका या वयातही कसे पळाले ते पाहण्यासारखं होतं. पिंपाचं झाकण घेऊन आले. चुन्याने आकडा पार खाऊन टाकला होता, नुसता पांढुरका पत्रा उरला होता. पण रंगवाली ही शेवटी रंगवाली. सकाळी न्हाव्याच्या दुकानाची पाटी अर्धी टाकून ती तडक मैदानावर आली होती, त्यामुळे पिशवीत ब्रश होता आणि डब्यात पिवळा रंग होता. तिने पदराने पत्रा पुसला, मांडीवर घेतला आणि ब्रश बुडवला.

जवळच्या बाकांवरच्या लोकांना प्रथम दिसलं. "अरे, ती रंगवतेय!" मग एकेक मान वळली. खेळ थोडा वेळ थांबलाच होता, कारण गांगरलेल्या बचावपटूच्या पायात गोळे आले होते. तिने वरची आडवी रेघ ओढली, लोक ओरडले, "हां!" उभी रेघ ओढली, "हांऽ!" आणि खालचं पोट असं झोकात वळवलं की टाळ्यांचा पाऊस पडला. बावीस वर्षांत तिच्या कामाला कुणी टाळी वाजवली नव्हती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने पाच वर अडकवला आणि उगाचच पदर नीट केला.

"किती झाले म्हणालीस?" खालून सासूबाई.

"पाच, आई! पाच-एक!"

"हं."

ते 'हं' रंगवालीला बरं वाटलं नाही. "खरंच पाच."

"पुरे गं. मागच्या महिन्यात चार खाल्ले होते आणि तू मला दोनच सांगितलेस. मला कळलं नाही होय? दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सगळं सांगितलं."

"तुमचं ब्लडप्रेशर वाढलं होतं तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते—"

"मग आजही तेच असेल. ऑपरेशन आहे म्हणून म्हातारीला खूश ठेवायचं."

"आई, लोकांचा आवाज ऐका की!"

"आवाज चेंडू खांबाला लागला तरी होतो. आपण हरत नाही आहोत ना, एवढं सांग. मला तेवढं पुरे."

आता हिला काय म्हणावं? भर आनंदात रंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाकावरच्या माणसाला साक्षीला बोलवावं, तर सासूबाई म्हणणार, तोही तुझ्याच बाजूचा. तेवढ्यात लंबूने सहावा मारला. डोक्याने, उंच उडी घेऊन. तीन गोल एकट्याचे! सगळं मैदान पायावर उभं राहिलं आणि मग सगळ्यांच्या माना पुन्हा मचाणाकडे वळल्या. आता ही काय करते?

सहाचा पत्रा संचात होता, पण पाचाचा रंग अजून ओला होता. इंग्रजी पाचाच्या पोटाला डावीकडून एक वळसा दिला की सहा होतो. तिने पत्रा न काढताच, खिळ्यावर लटकता ठेवून, एका झटक्यात ब्रश फिरवला. तो ओरडा ऐकून मैदानाबाहेरचे रिकामे रिक्षावालेही आत धावले म्हणे.

शेवटची शिट्टी झाली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. दातांचे डॉक्टर गवतावर लोळण घेत होते. रंगवालीने मात्र पिवळा पत्रा खिळ्यावरून काढला, सांभाळून शिडी उतरली आणि तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"बोट द्या इकडे."

"रंग लागेल."

"लागू दे."

तिने सासूबाईंचं उजवं बोट धरून आकड्याच्या वरच्या टोकाला टेकवलं आणि सोडून दिलं. बोट आपणहून सरकू लागलं. वरून खाली, खालून वळसा घेऊन वर, आणि पोटाशी येऊन बंद. सासूबाईंनी पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरवलं. मग तिसऱ्यांदा.

"हा सहा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि त्यांचा?"

"एक."

"तोही आण."

रंगवाली निमूटपणे पुन्हा वर चढली, एकचा पत्रा घेऊन आली. तो वाळलेला होता, पण जुन्या रंगाचा थर जाड होता. सासूबाईंनी तो चाचपला, खाली ठेवला, आणि दोन्ही हातांनी सुनेचं तोंड धरलं. सुनेच्या गालावर पिवळी बोटं उमटली.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "पण दूधवाल्याला उद्या मी सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

तेवढ्यात लंबू कुंपणापाशी आला. चिखलाने माखलेला, लहान मुलासारखा हसत. सासूबाईंनी सावली ओळखली.

"कोण, लंबू का रे? वाक खाली." तो वाकला तशी त्यांनी त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. "अकरा सामने कुठे होतास मेल्या?"

"लिफ्ट अडकली होती, आजी."

"आणि सुटली कशी?"

"आतून कुणीच बटण दाबत नव्हतं. शेवटी पाठीनेच दाबलं गेलं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचे हात धरावे लागले.

दोघी मैदानाबाहेर पडल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, खिडक्यांतून हलणारे हात, आणि अनोळखी माणसं रंगवालीला "सहा! सहा!" म्हणून हाका मारत होती. बेकरीच्या दारात तिचा नवरा उभा होता, कोपरापर्यंत मैदा लागलेला. शनिवारी संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी त्याने दार अर्धं ओढून घेतलं होतं.

"केव्हापासून ओरडा ऐकतोय," तो म्हणाला. "जिंकलो का आपण?"

रंगवाली जागच्या जागी थांबली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. 'ते जिंकले का', 'तुमचे जिंकले का', 'झालं का एकदाचं', सगळं ऐकून झालं होतं. 'आपण' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. तिने फक्त पिवळे गाल पदराने पुसले. बोललं तर तो लाजून परत घेईल, असं तिला वाटलं.

"सहा-एक," सासूबाई म्हणाल्या. "बोटाने वाचलंय मी. दोन सामने अजून बाकी आहेत, दोन्ही बाहेरगावी. लगेच नाचायला लागू नका कुणी."

असं म्हणून त्यांनी स्वतःच हातातली काठी वर धरून एक गिरकी घेतली. गरम पावांचा ट्रे टेबलावर आला, चहा टाकला गेला, आणि पुढच्या शनिवारी क्लबाची बस सकाळी सातला सुटणार की साडेसहाला यावर चर्चा सुरू झाली. बेकरीवाला मध्येच म्हणाला की शनिवारी सकाळी भट्टी लवकर आटोपता येईल, म्हणजे तसं जमण्यासारखं आहे.

"मग तीन जागा सांगून ठेव," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आणि खिडकी मला."

"आई, तुम्हाला खिडकीतून दिसणार काय?"

"मला नाही दिसलं तरी चालेल," पाव चहात बुडवत सासूबाई म्हणाल्या. "मी तिकडच्यांना दिसले पाहिजे."