अनुसयाबाईंची पानथरी

"तुमचं नाव काय, मावशी?" डॉ. प्रज्वल धकातेने विचारलं.

"अनुसया." बाई छताकडे बघत, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं देतात तसं ठणठणीत उत्तर देऊन मोकळ्या झाल्या.

"राहता कुठे?"

"कामठीले."

"काम काय करता?"

"पावरलूमवर कांड्या भरत होती. आता घरीच."

दोघं तीन वर्षं एकमेकांना ओळखत होते. हाडातला मगज काढायची सुई प्रज्वलने आयुष्यात पहिल्यांदा धरली ती याच बाईंच्या कमरेवर. सुई टेकवून तो तसाच थांबला तेव्हा "घाबरू नको बाप्पा, मले सवय हाये" असा धीरही बाईंनीच दिला होता. पण आज परीक्षा होती. परीक्षेत उमेदवार आणि रुग्ण एकमेकांना कधीच भेटलेले नसतात असा नियम आहे. रक्ताचे आजार आणि रक्ताचे कर्करोग यांचा तज्ज्ञ व्हायला आलेली पोरं थोडी, विभागाचा मजला एकच, त्यामुळे हा नियम सगळे मिळून नाटकासारखा पाळत. बाई त्यातल्या मुरलेल्या कलावंत होत्या.

कारण बाईंना पानथरी होती. पानथरी, म्हणजे प्लीहा, सगळ्यांनाच असते, पण ती निमूट बरगडीखाली दडलेली असते. बाईंच्या हाडांतला मगज हळूहळू वाळत चालला होता आणि रक्त बनवायचं काम पानथरीच्या अंगावर पडलं होतं, म्हणून ती वाढून पार बेंबीपर्यंत आली होती. परीक्षा घेणाऱ्यांना असं पोट फार प्रिय. उमेदवाराचा हात टेकला की काहीतरी लागतं, आणि त्यावर अर्धा तास बोलता येतं. म्हणून दरवर्षी परीक्षा जवळ आली की विभागातून कामठीला फोन जाई. बाई शेअर ऑटोने येत, पलंगावर निजत, पोट उघडं करत, आणि संध्याकाळी जेवणाचं पाकीट नातवासाठी घेऊन परत जात.

चर्चा इंग्रजीत होई. इंग्रजी हा वॉर्डातला सगळ्यात स्वस्त पडदा. तो ओढला की रुग्णाच्या उशाशी उभं राहून त्याच्या मरणाबद्दलही निवांत बोलता येतं, अशी डॉक्टर मंडळींची समजूत. पण इतक्या परीक्षा पाठीवर काढल्यावर बाईंना या पडद्यापलीकडचं एक बऱ्यापैकी कळू लागलं होतं. शेवटी कुणीतरी "स्टेबल" म्हणतं. तो शब्द आला की बाई पदर सारखा करत आणि बाहेर येऊन प्रज्वलला म्हणत, "ष्टेबल म्हनले ना? झालं मंग." स्वतःच्या रिपोर्टावर त्यांचा एवढा भरवसा नव्हता.

"ताप?" प्रज्वलने विचारलं.

"नाही."

"वजन कमी झालं?"

"जसंच्या तसं."

"हिरड्यांतून, नाकातून रक्त वगैरे..."

"नाही." उत्तर प्रश्नाच्या आधीच निघालं.

प्रज्वलने ते कागदावर लिहून घेतलं. नापास झालं तर पुन्हा सहा महिने. वय बत्तीस. मोहल्ल्यात अजूनही कुणी विचारी, "रक्ताचे डॉक्टर म्हनजे लॅब टाकनार का?" वडील, बाबनराव, पूर्वी मागावर लुगडी विणून सीताबर्डीच्या ज्या दुकानात देत, त्याच दुकानाच्या शटरजवळ आता वॉचमन म्हणून उभे राहत. प्रत्येक परीक्षेच्या सकाळी ते एवढंच विचारत, "हा शेवटचा ना?" प्रज्वल प्रत्येक वेळी हो म्हणे. आज पहिल्यांदाच ते खरं असण्याची शक्यता होती.

त्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी. पोटावर हात ठेवला. पानथरी बेंबी ओलांडून खाली गेली होती. मग तो पायांकडे वळला, तसा बाईंनी लुगड्याचा काठ घोट्यावरून खाली ओढला.

"पायाले काही नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सूजगीज काही नाही. तू पोट पाह्य."

"पाहावं लागते, मावशी."

त्याने काठ वर केला. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, पेन झटकल्यावर उडावेत तसे. दाबले तरी फिके होईनात, म्हणजे रक्त कातडीखाली उतरत होतं. मग त्याने छातीच्या मधल्या हाडावर अंगठा टेकवून किंचित दाब दिला.  बाईंनी फक्त चादर मुठीत धरली.

इतकी वर्षं संथ चाललेला आजार असा एकाएकी रंग बदलतो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं आणि दोन रुग्णांत पाहिलं होतं. त्या दोघांच्याही बाबतीत पुढे पाहण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने खाली वाकून विचारलं.

"तुमी कोन? मी तुमाले वळखत नाही." बाईंनी नाटक सोडलं नव्हतं.

"मावशी."

"झाले दोन हप्ते. हिरड्यातूनबी येते थोडं."

"मग फोन काहून नाही केला?"

"फोन केला असता तर भरती करून घेतलं असतं तुमी. मंग इथं कोन निजलं असतं? तुमचा तो दुसरा पेशंट, नत्थू? त्याच्या पोटात तर आता काहीच नाही राह्यलं. औषधानं पार सपाट झालं."

 मागच्या तपासणीला त्यानेच हसत हसत म्हटलं होतं, मावशी, माझ्या परीक्षेले दांडी नका मारू. त्याला ती गंमत वाटली होती. बाईंना तो शब्द दिल्यासारखा वाटला होता.

दारात बुटांचा आवाज झाला. विभागप्रमुख सर आणि त्यांच्यासोबत दक्षिणेकडून आलेले पाहुणे परीक्षक. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर खास परीक्षांसाठी कमावलेली कोरी शांतता होती.

प्रज्वलने केस सांगायला सुरुवात केली. आजाराचं लांबलचक नाव त्याने न अडखळता घेतलं. सरांनी मान डोलावली. त्यांच्या हातात बाईंचा मागच्या महिन्याचा रिपोर्ट होता, आणि तो रिपोर्ट उत्तम होता.

"सो," सर म्हणाले, आणि बुडत्याला दोर टाकावा तसा शब्द टाकला, "करंटली स्टेबल?"

बाईंची मान वळली.

तसं पाहिलं तर सोपं होतं. हो म्हणायचं, पास व्हायचं, आणि वीस मिनिटांनी बाईंना मुकाट्याने भरती करून घ्यायचं. वीस मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं? औषध एवढ्यात सुरूही होत नाही. रक्ताचा ताजा रिपोर्ट नसताना भलतंसलतं बोलणाऱ्या उमेदवाराची पाहुणे परीक्षक कशी सालटी काढतात, हे त्याने ऐकलं होतं. शिवाय बाईंनाही आणखी वीस मिनिटं ष्टेबल राहता आलं असतं. प्रज्वलच्या मनात हा सगळा हिशेब एका श्वासात झाला आणि तो इतका बिनचूक होता की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"नो सर," तो म्हणाला.

सरांनी रिपोर्टातून डोकं वर काढलं.

"द डिसीज अपिअर्स टु बी..." प्रज्वलने पडदा ओढायला घेतला आणि थांबला. बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्याने इंग्रजीतच विचारलं, पुढचं आधी बाईंना सांगितलं तर चालेल का.

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. "इट्स युवर टाइम, डॉक्टर."

उमेदवाराने रुग्णाच्या उजव्या हाताला उभं राहायचं, हे पहिल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. स्टूल मात्र डाव्या बाजूला होतं. प्रज्वल पलंगाला वळसा घालून गेला आणि स्टुलावर बसला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"मावशी, तुमचा आजार आजपर्यंत हळू चालत होता. आता तो पळून राह्यला, असं वाटते मले. रक्त तपासल्यावर नक्की सांगतो. पण घरी नाही पाठवत तुमाले."

"ष्टेबल नाही म्हन."

"नाही."

"पकडता येते का त्याले?"

"प्रयत्न करू. येतेच असं नाही सांगता येत."

बाईंनी पदर सारखा केला. 

"हे विंग्रजीत सांगतलं त्याईले?"

"अजून नाही."

"मंग सांग ना गा. मार्क त्याच्या हातात हाये."

त्याने सांगितलं. पानथरी, ठिपके, हाडातलं दुखणं, सगळं क्रमाने.  पाहुण्यांनी विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर त्याला आलं, एकाचं अर्धं. तिसऱ्याचं उत्तर द्यायच्या आत घंटा वाजली. पाहुण्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चेहरा तसाच कोरा ठेवून ते पुढच्या पलंगाकडे गेले. सर जाताना एवढंच म्हणाले, "स्टूल कशाला लागतं रे तुला?"

वॉर्डात बेड दुपारशिवाय रिकामा होणार नव्हता. प्रज्वलने बाईंचं रक्त काढलं. शीर दोनदा निसटली. बाईंनी न सांगता दुसरा हात पुढे केला.

"पुढच्या उमेदवाराले दुसरा पेशंट द्याले सांगतो. तुमी आराम करा," तो म्हणाला.

"अन् ते ऋतुजा? तिले काय तू तुही पानथरी देशील?" बाई म्हणाल्या. "ते पोरगी सकाळपासून पानी नाही प्याली. जाय तू."

तो बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभा राहिला. हातात रक्ताची नळी, अजून कोमट. खिशात फोन थरथरला. बाबनराव होते.

"झाला का गा शेवटचा?"

"चालू हाये, बाबा."

"बरं. चालू दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुकानाच्या शटरजवळ फार वेळ फोनवर बोललेलं मालकाला चालत नसे.

आत घंटा झाली. दाराच्या फटीतून डॉ. ऋतुजा दिसत होती. पलंगाच्या उजव्या हाताला, ताठ उभी.  मागच्याच दिवाळीत बाईंनी तिला घरून चिवडा आणून दिला होता.

"तुमचं नाव काय, मावशी?"

"अनुसया." तोच ठणठणीत आवाज.

"राहता कुठे?"

"कामठीले."

"ताप? हिरड्यांतून रक्त वगैरे?"



"येते," त्या म्हणाल्या. आणि ऋतुजा पायांकडे वळायच्या आधीच, छताकडे बघत बघत, त्यांनी लुगड्याचा काठ हळूच वीतभर वर घेतला.