ठिपक्यांची वही

घरून काम करण्याविषयी जितेंद्रची काहीच तक्रार नव्हती. ते दुसऱ्यांनी केलं की मात्र त्याला संशय येई. के. आर. पुरमच्या आपल्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊला तो लॅपटॉप उघडायचा आणि आपल्या हाताखालच्या टीममधल्या अकरा जणांच्या नावांपुढचे ठिपके न्याहाळत बसायचा. हिरवा ठिपका म्हणजे माणूस कामावर. पिवळा म्हणजे जागेवर नाही. मग कुठे आहे? भाजी निवडतोय? झोपलाय? की दुसऱ्याच कंपनीचं काम करतोय? जितेंद्र वेळ टिपून ठेवी. त्यासाठी त्याने खास दोनशे पानी वही आणली होती.

अडचण एकच होती. नुसतं बघत बसलं की त्याचा स्वतःचा ठिपकाही पिवळा पडे. त्यावर त्याने उपाय काढला होता. वडिलांचं मनगटी घड्याळ माउसखाली ठेवायचं. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं आपणच हललो, आणि ठिपका हिरवा! आता इतरांच्या कामचुकारपणाकडे लक्ष द्यायला तो मोकळा होता.

वहीतली सर्वांत जास्त पानं शाल्मलीने खाल्ली होती. बाळंतपणानंतर ती शहराबाहेर देवनहळ्ळीला आईकडे राहून काम करत होती. रोज अकरा ते पावणेबारा ठिपका पिवळा. न चुकता!

"बाबा, ही रोज पाऊण तास गायब असते," जितेंद्र म्हणाला. "आज वरच्या साहेबांना मेल टाकतो. सोमवारपासून इंदिरानगरच्या ऑफिसात येऊन बस म्हणावं."

वडील उमाकांत घड्याळांच्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं घड्याळं तपासून निवृत्त झालेले. "आठ महिन्यांचं पोर टाकून? रोज देवनहळ्ळीहून? नोकरी सोडेल ती."

"तो तिचा प्रश्न."

"काम होतं का तिचं?"

"होतं ना! वेळेवर होतं. म्हणून तर जास्त संशय येतो."

"स्वल्प थांब रे. आमच्याकडे मानसिंग म्हणून सुपरवायझर होता. कोण कितीदा चहाला उठतं, ते लिहायचा. वही भरली, आणि त्याच्याच विभागातली घड्याळं मागे पडायला लागली. मी फक्त घड्याळ बरोबर चालतंय का बघायचो. तिला विचारलंस कधी, कुठे असतेस म्हणून?"

विचारायचं! हे जितेंद्रला सुचलंच नव्हतं. तरी पुरावा पक्का व्हावा म्हणून अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने अचानक व्हिडिओ कॉल लावला.

शाल्मलीने तो मोबाइलवर घेतला. ती गच्चीवर बसली होती, मांडीवर कागद, कानामागे पेन्सिल.

"सर, बरं झालं फोन केलात! आठवडाभर कामातला जो प्रश्न अडला होता ना, तो सुटला." तिने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. चौकोन, बाण, खाडाखोड. "या वेळेला मुलगी झोपते. मला स्क्रीनसमोर सुचत नाही, म्हणून इथे कागदावर मांडते."

जितेंद्रने दोनदा तपासलं. उत्तर बरोबर होतं!

"ते ठीक आहे, पण ठिपका..." तो म्हणाला, तेवढ्यात उमाकांतांनी मागून येऊन माउस उचलला.

"जितू, माझं घड्याळ पुन्हा माउसखाली? मला बाहेर जायचंय."

"माउसखाली कशाला, काका?" शाल्मलीने विचारलं.

"याचा ठिपका हिरवा राहावा म्हणून." उमाकांतांची उभी नोकरी तपासणीत गेलेली, दोष झाकायची सवय नव्हती.

शाल्मली हसली नाही. ती हसली असती तर बरं, असं जितेंद्रला वाटलं. गच्चीवर बसून ती काम करत होती आणि खुर्चीवर बसून तो काय करत होता? वही! त्याने तयार ठेवलेली मेल पुसून टाकली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझं घरून काम करणं बंद करायला निघालो होतो मी."

तिचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "मीही सांगायला हवं होतं, सर. घरी बसलं की वाटतं, आपले कष्ट सगळ्यांना दिसतातच."

नागरिकहो, घरून काम करण्याची सोय मोठी. पण माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात, ही अडचणही खरी. न दिसणाऱ्या माणसावर संशय घ्यायला काही लागत नाही. विचारायला एक फोन लागतो. तो करावा, आणि आपण कुठे आहोत, हे कोणी विचारायच्या आधीच सांगावं. हिशेब कामाचा मागावा, ठिपक्याचा नव्हे.

जितेंद्रचा ठिपका हल्ली अधूनमधून पिवळा असतो. तो विचार करत असावा, असं आपण धरून चालू.