लासूरच्या देवळात माझा पाय सरकला

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून तो ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो तीन पायांचा स्टँड. माझे पाय लांब करता येतात, आखूड करता येतात आणि हव्या त्या उंचीवर खटक्याने पक्के करता येतात.

अमरावतीच्या राजापेठेत प्रीतमचा फोटो स्टुडिओ होता. तिथे मी कामाला लागलो. किती साक्षगंधे म्हणजे साखरपुडे, किती लग्ने पाहिली मी! पुढे घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला आणि माझी रवानगी प्रीतमच्या घरच्या गॅलरीत झाली. तिथे माझ्यावर टॉवेल वाळत. एका पायाचा खटका सैल झाला, तेही कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रीतमची मोठी बहीण माधवीताई याच घरी राहत असे आणि शाळेत चित्रकला शिकवत असे. जुनी देवळे, महाल, गल्ल्या यांचे फोटो काढण्याचे तिला वेड होते. निवृत्तीनंतर तिचा उजवा हात थरथरू लागला. प्रत्येक फोटो हललेला येई. शेवटी तिने कॅमेरा कपाटात ठेवून दिला आणि त्याविषयी बोलणेच सोडले.

एके दिवशी प्रीतमची बायको माया टॉवेल काढता काढता थबकली. तिने मला उचलले आणि थेट माधवीताईच्या समोर नेऊन उभे केले.

"ताई, तुमचा हात हालते. याचे पाय तर नाही हालत ना?"

"गंजला असन तो," ताई म्हणाली. पण तिचे डोळे चमकले होते!

त्याच रविवारी कपाटातला कॅमेरा घेऊन आम्ही मायाच्या स्कूटरवर अचलपूरला निघालो. हौजकटोऱ्याचा तो आठ कोनांचा जुना महाल समोर दिसला आणि ताई आपले वय विसरली. "माया, थोडं डावीकडं घे त्याले! महाल अगदी मधोमध नको, आभाळालेही जागा पाहिजे." मी गवतात पाय रोवून उभा राहिलो. ताईने टायमर लावला, हात मागे घेतला आणि थोड्या वेळाने फोटो निघाला. वीट न् वीट स्वच्छ! दोघी टाळ्या वाजवत हसल्या.

मग जुन्या गल्लीत शिरलो. पार्बताबाई नावाची एक म्हातारी उंबऱ्यावर गहू निवडत होती. ती म्हणाली, "आमच्या या पडक्या गल्लीचे फोटो काहून काढून राहिल्या वो बाई?"

ताईने तिला जवळ बोलावून कॅमेरा दाखवला. कोवळे ऊन, निळा दरवाजा, वरची लाकडी नक्षी.

"अव माय! हा माह्याच घरचा दरवाजा हाय?" म्हातारी कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने सूप बाजूला ठेवले, पदर नीट केला आणि म्हणाली, "आता मले घेऊन काढ."

खरी परीक्षा पुढच्या एका रविवारी लासूरला झाली. तिथल्या काळ्या दगडाच्या देवळात मंडपाचे छत मधोमध उघडे आहे. तिथून उतरणारे ऊन ताईला हवे होते. आम्ही पोहोचलो तर आभाळ भरलेले. बराच वेळ वाट पाहिली. माया पाणी आणायला बाहेर गेली आणि नेमके तेव्हाच ढग फाटले! उन्हाचा मोठा पट्टा खांबांवर उतरला. ताई लगबगीने कॅमेरा वळवू लागली आणि माझा सैल खटका सुटला.

माझा पाय आत सरकला. मी कलंडलो. खाली कठीण दगड! मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

ताईने झेप घेतली. दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, छातीशी कवटाळला आणि मटकन खाली बसली. माया धावत आली.

"ताई! लागलं का?"

"धरला वो! म्या धरला!" ताई हसत होती, डोळे पुसत होती. मग एकदम ओरडली, "रडून का राहिली मी? ऊन जाईन ना!"

तिने माझे तिन्ही पाय पूर्ण आखडले. मी बेडकासारखा जमिनीवर बसलो. निवृत्त बाई चक्क फरशीवर पालथ्या झोपल्या! त्या उंचीवरून पाहिले तर सगळे खांब आभाळाकडे झेपावत होते. असा फोटो उभ्या उभ्या मिळालाच नसता. टायमर वाजला, फोटो निघाला आणि ऊन गेले.

ताईचा हात आजही थरथरतो. पण तो फोटो तिच्या जुन्या शाळेने मोठा करून दारापाशी लावला आहे आणि मुले त्याच्यापुढे उभी राहून वर बघतात. प्रीतमने माझे पाय उघडून धूळ पुसली, नवा खटका बसवला. आता मी घट्ट उभा राहतो.

मित्रांनो, वस्तूचा एखादा स्क्रू सैल झाला तर वेळीच आवळा. आणि तुमच्या घरात कोणी आपली आवड कपाटात बंद केली असेल, तर त्यांना हाताला धरून बाहेर काढा. फार काही लागत नाही, थोडा आधार पुरतो.

बरे, आता मला जायला हवे. खाली मायाने हॉर्न वाजवला. आज नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा गाठायचा आहे, आणि आभाळ अगदी मोकळे आहे!