चोवीस क्रूस

तुदोरेलकाकांना नापास करणारं यंत्र मीच बनवलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी तोंडावर म्हणण्यापेक्षा बरं.

आमच्या विद्यापीठाच्या वाहन-चाचणी केंद्रात मी इंजिनिअर. नाव स्मारांदा. माझं यंत्र म्हणजे स्टिअरिंगमागे बसवलेला बोटाएवढा कॅमेरा. चालकाचा हात सुटला, मान झुकली, ओठ हलायला लागले, की माणसाला भोवळ आली असं तो समजतो. मग गाडी आपणहून कडेला घेतो आणि थांबवतो. तीन वर्षं खपले होते मी त्यावर.

तुदोरेलकाका आमचे चाचणी-चालक. अडतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. पहिल्याच फेरीत माझ्या यंत्राने त्यांना आठ वेळा भोवळ आणली.

कारण आमच्या ठरलेल्या रस्त्यावर आठ चर्च आहेत, आणि चर्चसमोरून जाताना साऱ्या रोमानियात माणसं जे करतात तेच काका करत होते. हात उचलायचा, मान झुकवायची, पुटपुटत छातीवर तीनदा क्रूस काढायचा. प्रत्येक चर्चसमोर गाडी थांबली. चौथ्या चर्चचे पाद्री तर, नवी गाडी आशीर्वादाला आणली असं समजून पवित्र पाण्याची बादली घेऊनच बाहेर आले.

केंद्राचे प्रमुख ब्रेबेनेल सर. आकडे सोडून त्यांचा कशावरही विश्वास नाही, हे ते दर सोमवारी एकदा सांगतात.

"शुक्रवारी मी स्वतः मागे बसतो," ते म्हणाले. "यंत्राने एकदा जरी गाडी थांबवली, तर तुदोरेल टायरच्या गोदामात."

"सर, मी यंत्राला क्रूस ओळखायला शिकवते ना. आठवडाभराचं तर काम."

"हात सुटला म्हणजे सुटला, बाई. देवासाठी सुटला की माशी मारायला, खड्ड्याला काय फरक पडतो?"

सरांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. तो मी काकांवर काढला.

"एक दिवस नका ना काढू क्रूस! देव समजून घेईल."

"देव घेईल गं. माझा हात नाही घेणार. अडतीस वर्षं ओरखडा नाही, ते काय तुझ्या कॅमेऱ्यामुळे?"

"मग बसा गोदामात टायर रचत!"

काका टोपी हातात घेऊन नुसती फिरवत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की जीभ चावून टाकावी.

गुरुवारी सराव झाला. काकांनी दोन्ही हात जागेवर ठेवून तोंडातल्या तोंडात जिभेने क्रूस काढून पाहिला. 'चालक काहीतरी खात आहे', यंत्राने नोंदवलं आणि गाडी थांबवली.

शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन काकांच्या शेजारी बसले. मागे सर, मांडीवर गुणपत्रक. पहिलं चर्च दिसलं तसा काकांना घाम फुटला. उजव्या हाताचं एक बोट स्टिअरिंगवरून सुटलं. मग दुसरं.

मी चर्चला जाते ती वर्षातून एकदा, ईस्टरची लाल अंडी खायला. पण माझा हात आपसूक वर गेला आणि मी घाईघाईने तीनदा क्रूस काढला.

"काका, तुमचा मी काढला," मी कुजबुजले. "हात तिथेच ठेवा."

त्यांना बोलायची सोय नव्हती. त्यांनी नाकातून एक हुंकार दिला. बोटं परत जागेवर बसली.

"पुढे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"माशी होती, सर."

अशा सात चर्चपर्यंत माश्या आल्या. आठव्याच्या अलीकडच्या वळणावर गवताने भरलेली घोडागाडी एकदम आडवी आली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी घोड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. पडद्यावर अक्षरं आली: 'चालक सावध. दोष शून्य.'

मी मागे वळून पाहिलं. सरांचं गुणपत्रक खाली पडलं होतं. डोळे मिटलेले, मान झुकलेली, ओठ हलताहेत, आणि उजवा हात कपाळावरून छातीवर, खांद्यावर, पुन्हा कपाळावर. तीनावर थांबायचंही भान नव्हतं.

"सर, भोवळ आली का?"

"गाडी चालवा," सर म्हणाले. आठव्या चर्चलाही माशी आली.

केंद्रावर परतल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता 'उत्तीर्ण' लिहून सही केली. मी आनंदाने काकांना शोधायला गेले, तर ते आवारात शहराकडे तोंड करून, टोपी काढून क्रूस काढत उभे. एकामागून एक. मी मोजले, आठ त्रिक चोवीस.

"अहो, मी काढले होते ना तुमचे?"

"काढलेस. पण डावा खांदा आधी आणि उजवा नंतर. ते कॅथलिकांचं झालं, पोरी. आपला ऑर्थोडॉक्सांचा उजवा आधी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडलं असतं तर तुझं यंत्र बोंबललं असतं."

मग त्यांनी माझी तीन बोटं जुळवली आणि माझा हात धरून फिरवला. कपाळ, छाती, उजवा, डावा. "हं. सोमवारपासून असं काढायचं."

"सोमवारपासून?"

"मग! अजून दोन वर्षं आहेत."

पुढच्या आठवड्यात सरांची चिठ्ठी आली. यंत्राला क्रूस ओळखायला शिकवण्यास त्यांची हरकत नव्हती. आठवडाभराचं तर काम आहे. पाच महिने झाले, मी अजून त्याला हात घातलेला नाही.