टेकाडातली काळी रेघ

“डम्पस्टरच्या कचऱ्यात टाकून ये म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!” प्रतिमाने मातीची बादली दाराबाहेर ढकलली. “आपली ग्रीन कार्डची फाइल अजून लोंबकळतेय, आणि पोरगा सरकारी माती चोरतोय!”

“चोरली नाही, आणली,” यतीन उसळला. “आई, तूच म्हणालीस ना, दुकानातल्या मातीचा किल्ला टिकत नाही?”

सतरा वर्षांच्या यतीनने हायस्कूल अर्ध्यावर सोडल्यापासून घरात फटाके रोजच फुटायचे, दिवाळी असो नसो. आज निमित्त किल्ल्याचं. धाकट्या इशिताचा किल्ला तिसऱ्यांदा ढासळला, तेव्हा सकाळीच तो टाउनहाउसमागच्या झाडीत गेला. तिथे एक गोल टेकाड होतं. त्यांच्या अ‍ॅशबर्न गावात अशी टेकाडं पायलीला पन्नास. बिल्डर माती ओतून जातात. त्याने फावडं घातलं. लाल चिकणमातीचा किल्ला घरामागच्या पॅटिओवर झक्क उभा राहिला. मावळे म्हणून हिरवे प्लॅस्टिकचे अमेरिकन सोल्जर.

दुसरी बादली भरताना मात्र त्याची नजर खणलेल्या जागी अडकली. वर लाल माती, आणि हातभर खाली बोटभर काळी रेघ. काळी माती तर वर असते, गवताखाली. ही आत कशी?

तो टेकाडाभोवती फिरला. पायथ्याशी सगळ्या बाजूंनी गोल खळगा, पानांनी बुजलेला. पुढे मोकळं पटांगण, त्याला बुटका बांध.

बिल्डरची माती ट्रकमधून येते, तिच्याभोवती खळगा कशाला पडेल? खळगा पडतो तो तिथलीच माती उपसून तिथेच रचली तर. पुण्यात सोसायटीच्या आवारात त्याने दर दिवाळीला हेच केलं होतं. आधी खंदक, त्याच मातीचा बालेकिल्ला, पुढे माची. म्हणजे ती रेघ जुनी जमीन होती. गवतासकट पुरलेली.

त्याने भराभर पानं उकरली. बांधापाशी एक पाटी आडवी पडली होती: अमेरिकन यादवी युद्धातली मातीची गढी, खणायला मनाई. खाली फोन नंबर.

“आणि मी फोन केला,” यतीन म्हणाला.

प्रतिमा खुर्चीत बसली. “नाव सांगितलंस?”

“आडनावासकट.”

“अरे देवा! अक्कल गहाण टाकलीस का?”

“अगं, मला विचारायचं होतं! गवतसुद्धा न काढता कुणी एवढ्या घाईत माती रचली? कोण चालून येत होतं त्यांच्यावर? फोनवरचा म्हातारा, गढीची देखरेख करणारा, आधी जाम भडकला. रेघेचं सांगितलं तर ती किती खोल आहे ते त्याने दोनदा विचारलं. म्हणाला, कशाला हात लावू नकोस, माती घेऊन टेकाडापाशी ये, मी चारला पोचतोय.”

“पोलीस घेऊन आला तर?”

“तर येऊ दे.” त्याने पॅटिओवर जाऊन सोल्जर बाजूला काढले आणि किल्ला ओंजळीओंजळीने बादलीत भरायला घेतला.

“बट दॅट्स माय किल्ला!” इशिता किंचाळली.

“उद्या आपल्या बॅकयार्डमध्ये खणू. खंदक तू काढायचास.”

प्रतिमा दारात आली. “यतीन, परत कधी येशील?”

“माहीत नाही. चार वाजले आई, तो येऊन उभा असेल. मला आता निघायलाच हवं.”